बुडाचा रंग

कुरुंदवाडच्या माणसाला कुणी पाण्याबद्दल शिकवायला लागलं, की तो ऐकून घेतो, मान डोलावतो आणि मनात हसतो. पंचगंगा कृष्णेला मिळते तिथंच, संगमाच्या खालच्या अंगाला आमचं गाव. पलीकडं नरसोबाची वाडी. २००५, २०१९ आणि २०२१ ही सालं आमच्याकडं कॅलेंडरवर कमी आणि भिंतींवर जास्त सापडतात: पुराचं पाणी कुठवर आलं होतं त्याच्या खुणा, कुठं जिन्याच्या चौथ्या पायरीशी, कुठं थेट तुळईशी. पाणी वाढायला लागलं की आम्ही घाबरतो, पण घाबरण्याआधी वाडीला दक्षिणद्वार झालं का ते विचारतो. दत्ताच्या पादुकांना लागून पाणी दक्षिणेच्या दारानं बाहेर पडायला लागलं, की लोक त्याच पाण्यात स्नानाला धावतात. चढत्या पाण्यात पर्वणी बघणाऱ्या माणसांना काय शिकवणार?

फक्त समुद्र आम्हाला कळत नाही. नकाशावर तो फार लांब नाही, पण मध्ये सह्याद्री आहे आणि आमच्या पाण्याचं तोंडच उलटीकडं आहे. महाबळेश्वरला उगम पावलेली कृष्णा अरबी समुद्राकडं पाठ फिरवते आणि अख्खं दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागराला मिळते. त्यामुळं माझा मावसभाऊ नोकरीनिमित्त पणजीला गेला, तिथंच रमला आणि एक दिवस त्यानं शिडाची होडी घेतली, तेव्हा आमच्या घरात त्याची चर्चा कुणी हत्ती पाळल्यासारखी झाली. मावशीचा पहिला प्रश्न होता, “तिला रोज किती लागतं?” तिला पेट्रोल म्हणायचं होतं. शिडाला पेट्रोल लागत नाही हे कळल्यावर ती जराशी निवळली. होडीला पेट्रोलपेक्षा रंग जास्त लागतो, हे तिला अजून कुणी सांगितलेलं नाही.

एकवीस फुटी, फायबरची, कुठल्यातरी तिसऱ्या मालकाकडून घेतलेली ती होडी. पावसाळा तोंडावर आला की ती मांडवीतून बाहेर काढतात. आठ महिने पाण्यात असलेलं बूड क्रेनच्या पट्ट्यांतून वर यायला लागतं तेव्हा यार्डातली चार माणसं हातातलं काम टाकून बघायला येतात. वरचा भाग पांढरा, गुळगुळीत, रेलिंगला पितळी चकाकी. आणि पाण्याच्या रेषेखाली जे काही लोंबत असतं ते बघून ही तीच होडी का, असं वाटावं. हिरवी दाढी, चिखलाचा लेप, नळीसारखे पांढरे किडे, आणि सगळीकडं चिकटलेली ती टोकदार कवचं, ज्यांना इंग्रजीत बार्नेकल म्हणतात. वास असा, की पुढं दोन दिवस हाताला येत राहतो.

हे सगळं ओलं असतानाच खरवडावं लागतं. एकदा का ऊन लागून वाळलं, की सिमेंट झालं म्हणून समजा. पाण्याचा फवारा मारला की दाढी आणि चिखल निघून जातो. कवचं हलत नाहीत. मग रुंद पात्याची खरवडणी घेऊन होडीखाली आडवं पडायचं. पातं कवचाच्या मुळाशी तिरपं लावून ढकललं की कट्ट असा आवाज होतो आणि कवच उडतं. त्यातलं थोडं पाणी अंगावर येतं. आतला प्राणी अजून जिवंत असतो. उडालेल्या कवचाच्या जागी एक पांढरी चकती उरते, बारीक रेषा असलेली, चुन्याच्या ठशासारखी स्वच्छ गोल. ती चकती काढायला मूळ कवचापेक्षा दुप्पट वेळ लागतो. त्या प्राण्यानं होडीला धरलं होतं ते इथं.

हा प्राणी माझ्या डोक्यात बसला. त्याची जातकुळी खेकडा-कोळंबीची. पिल्लू असताना तो पाण्यात मोकळा पोहतो. वाढीच्या शेवटच्या टप्प्यात तर काहीच खात नाही, फक्त जागा शोधतो: पृष्ठभागावर चालून बघतो, पसंत पडली नाही तर सोडून पुढं जातो. जागा ठरली की डोक्याच्या बाजूनं स्वतःला चिकटवून घेतो आणि भोवती कवचाची भिंत उभी करतो. त्यानंतर आयुष्यभर डोकं खाली, पाय वर. आणि त्या पायांनी पाणी चाळून तोंडात घास घालायचा. चार्ल्स डार्विननं उत्क्रांतीचं मोठं पुस्तक बाजूला ठेवून १८४६ पासून आठ वर्षं या प्राण्यांत घालवली. मुंबई-गोव्याच्या बंदरांत जी जात सर्रास सापडते, तिचं शास्त्रीय वर्णन त्यानंच १८५४ मध्ये केलं. मावसभावाच्या होडीखाली उताणं पडून नाकात ती घाण घेताना मला या गोष्टीचं फार बरं वाटलं. इतका मोठा माणूस याच कवचांकडं टक लावून बसला होता.

एवढ्याशा जिवाचा जहाजाला काय त्रास, असं वाटेल. फिनलंडचा तापिओ लेहतिनेन २०१८ च्या ‘गोल्डन ग्लोब’ शर्यतीत एकटा जगाची फेरी मारायला निघाला. याच शर्यतीत हिंदी महासागरात आपल्या अभिलाष टॉमीची डोलकाठी मोडली होती. जिंकणारा फ्रेंच खलाशी २१२ दिवसांत परत आला. लेहतिनेनला ३२२ दिवस लागले. वारा तोच, समुद्र तोच. त्याच्या होडीच्या बुडाला बार्नेकलांची झालर लागली होती. पाण्याखाली झालर असली की शीड कितीही फुगो, होडी जागची हलत नाही. आपल्या दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये ज्या ‘म्हादेई’तून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती गोव्यातच, दिवाडी बेटावरच्या यार्डात बांधलेली. मांडवीच्या काठाला लागलेल्या होडीतून असं काही करता येतं, ही कल्पना मावसभावाच्या डोक्यात बहुधा तिथूनच शिरली असावी. तो अजून पणजीहून मुरगावच्या पुढं गेलेला नाही.

रंगाचं काम दसऱ्याच्या आसपास, पाऊस ओसरल्यावर. मी आजरा-आंबोलीच्या रस्त्यानं उतरतो. रस्ताभर धबधब्यांचं उरलंसुरलं पाणी, आणि यार्डात पोचलो की खांडेनवमीला पूजलेल्या क्रेनच्या गळ्यात वाळलेला झेंडू.

बुडाच्या रंगाचा डबा पहिल्यांदा उचलला तेव्हा खांदाच खाली गेला. तेवढाच भिंतीचा रंग असता तर एका हातानं नाचवला असता. हा जड, कारण आत तांबं आहे. तांब्याच्या ऑक्साइडची लालसर भुकटी. ती तळाशी बसते, म्हणून लाकडी पट्टीनं ढवळत राहायचं, तळ खरवडून वर आणायचा, पुन्हा ढवळायचं. घाई केली तर वरचा पातळ रंग होडीला लागतो आणि औषध डब्यात राहतं. त्याआधी बूड ओल्या पॉलिशपेपरनं घासलेलं असतं. ओल्याच. कोरडं घासलं की जुन्या रंगाची धूळ उडते आणि ती छातीत जाणं बरं नव्हे. तोंडावर मास्क, हातात मोजे, आणि अंगात असा कपडा जो नंतर टाकून द्यायचा आहे.

मग पाण्याच्या रेषेला चिकटपट्टी. ही रेषा होडी रिकामी असतानाची नव्हे. माणसं, पाण्याचे कॅन, नांगर असं सगळं चढल्यावर ती जिथवर बुडते त्याच्या दोन बोटं वर. पहिला हात लाल, दुसरा आणि तिसरा निळा. मला वाटलं शिल्लक डबे संपवण्याची कोकणी काटकसर. तसं नाही. हा रंग पाण्यात हळूहळू झिजणारा असतो. वर्षभरानं निळ्यातून लाल दिसायला लागला, की कुठं रंग संपत आला ते कळतं. सुकाणूच्या पुढच्या कडेला, खालच्या वजनदार पठाणाच्या, म्हणजे बुडाच्या कण्याच्या, कडेला आणि पाण्याच्या रेषेला एकेक हात जास्त. तिथं पाणी जोरात घासतं. जस्ताचा एक तुकडा बुडाला बसवलेला असतो, त्याला मात्र रंगाचा थेंबही लागू द्यायचा नाही. तो खारट पाण्यात स्वतः गंजावा आणि बाकीचे धातू वाचावेत यासाठीच तो आहे. ज्या टेकूंवर होडी उभी असते त्यांच्याखालची जागा शेवटी. टेकू एकेक करून सरकवायचा आणि त्या तळहाताएवढ्या जागेत रोलर फिरवायचा. यार्डातला म्हातारा मिस्त्री फक्त त्या जागा बघून जातो. बाकी बूड कसं रंगवलंय ते तो बघतही नाही.

रोलर फिरवता फिरवता मी विचारलं, हा रंग काम कसा करतो? मावसभाऊ उत्साहानं सांगायला लागला. रंगातलं तांबं पाण्यात थोडं थोडं सुटत राहतं. बुडाला लागून विषारी पाण्याचा एक पातळ पापुद्रा तयार होतो. जागा शोधत आलेलं पिल्लू तिथं टेकतं आणि निघून जातं, नाहीतर मरतं. रंग झिजतो, आतला ताजा थर उघडा पडतो, पुन्हा तांबं सुटतं. साबणाच्या वडीसारखं, झिजली नाही तर उपयोग नाही.

“मग ते जातं कुठं?” मी विचारलं.

“काय?”

“सुटलेलं तांबं.”

“पाण्यात,” तो म्हणाला. आणि माझ्याकडं असं बघितलं, की समुद्र केवढा आहे हे याला कुणीतरी सांगायला हवं.

कोल्हापुरात किंवा इचलकरंजीत राहणाऱ्यानं हा प्रश्न विचारला असता का, मला शंका आहे. संगमाच्या खालच्या अंगाला राहणारा माणूस विचारतोच. आमच्यासाठी ‘पाण्यात गेलं’ म्हणजे गेलं नाही, आलं.

तांब्याची ही युक्ती जुनी आहे. त्याच्याही आधी आपल्या किनाऱ्यावर चुना होता. चुना तेलात किंवा चरबीत घोटून बुडाला फासायचा. उंडीचं कडू तेल, मुशीच्या यकृताचं तेल, काजूच्या टरफलाचं तेल लाकडात मुरवायचं. पावसाळ्याआधी होड्या काठावर ओढून झापांखाली शाकारून ठेवायची रीत तर अजून चालू आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमाराच्या प्रकरणात, समुद्र खवळण्याआधी आरमार छावणीला कसं आणावं याच्याही सूचना आहेत. ते आज्ञापत्र १७१५ च्या सुमाराचं, कोल्हापूरच्या गादीसाठी लिहिलेलं. म्हणजे घाटावरच्या राज्याला होडीच्या बुडाची काळजी नवी नाही. लाकडी जहाजाला बार्नेकलांपेक्षा मोठा शत्रू होता, लाकूड आतून पोखरणारा समुद्री किडा. जहाज बाहेरून धडधाकट दिसायचं आणि फळी दाबली की बोट आत जायचं.

इंग्रजांच्या आरमारानं १७६१ मध्ये ‘अलार्म’ नावाच्या जहाजाच्या बुडाला तांब्याचे पत्रे ठोकले. ते वेस्ट इंडिजला जाऊन आलं. किडा लागला नाही, शेवाळ जवळजवळ नाही, वेग उत्तम. फक्त पत्रा जिथं जिथं लोखंडी खिळ्यांना लागला होता, तिथं खिळे खाऊन गेले होते. काही खिळे मात्र शाबूत होते. बघितलं तर तांबं ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आलं होतं, तो कागद कामगारांनी तिथं तसाच राहू दिला होता. दोन धातूंच्या मध्ये कागद आला म्हणून खिळा वाचला. कामचुकारांनी विज्ञानाला केलेल्या मदतीचं इतकं सुंदर उदाहरण मला दुसरं माहीत नाही. पुढं लोखंडी खिळ्यांच्या जागी तांब्याच्या मिश्रधातूचे खिळे आले आणि १७८० च्या आसपास सगळं इंग्रजी आरमार तांब्यानं मढलं.

पण तांबं झिजायचं. पत्रे पातळ व्हायचे, खर्च वाढायचा. १८२३ मध्ये आरमारानं रॉयल सोसायटीला विचारलं आणि प्रश्न हम्फ्री डेव्हीच्या हातात पडला. खाणकामगारांचा दिवा करणारा तोच. डेव्हीनं प्रयोगशाळेत खारट पाणी, तांबं आणि जस्त घेऊन बघितलं आणि उत्तर काढलं. तांब्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा लहानसा तुकडा जोडा. तो तुकडा गंजेल, तांबं वाचेल. मावसभावाच्या होडीखालच्या जस्ताच्या तुकड्याचा पणजोबा हा. कोचीनला सागवानात बांधलेल्या ‘समरंग’ जहाजावर १८२४ मध्ये त्याची चाचणी झाली आणि तांबं खरोखर वाचलं. डेव्हीचं कौतुक झालं. आणि मग अशी तुकडे लावलेली जहाजं एकेक करून परत यायला लागली: पत्रा नवा कोरा, आणि त्यावर शेवाळ-कवचांचं रान. तांबं पाण्यात विरघळत होतं म्हणून तर बूड स्वच्छ राहत होतं. डेव्हीनं विरघळणं थांबवलं, त्याबरोबर तांब्याचं कामच थांबलं. १८२५ मध्ये आरमारानं ते तुकडे काढून टाकायला लावले. विज्ञानाच्या इतिहासात चुकलेल्या उत्तरांच्या गोष्टी भरपूर आहेत. ही बरोबर उत्तरामुळं बुडालेल्या प्रयोगाची आहे. म्हणून मला ती जास्त आवडते, आणि डेव्हीची थोडी कीवही येते.

१९६० नंतर तांब्यापेक्षा जबर औषध आलं, कथिलाचं एक संयुग, ट्रायब्युटिल टिन. त्याच्या रंगानं बुडं वर्षानुवर्षं स्वच्छ राहू लागली. जहाजमालक खूश, डिझेल वाचलं. फ्रान्समध्ये आर्काशों नावाचा एक उपसागर आहे, कालवांच्या शेतीसाठी प्रसिद्ध. तिथं कालवांची पिल्लं धरेनात आणि मोठ्या कालवांची कवचं जाड होऊन गोळ्यासारखी फुगली. कारण शोधत गेले तेव्हा बोट हौशी शिडाच्या होड्यांकडं गेलं, त्याच उपसागरात नांगरलेल्या. फ्रान्सनं १९८२ मध्ये लहान होड्यांसाठी हा रंग बंद केला, इंग्लंडनं १९८७ मध्ये. तोवर इंग्लंडच्या किनाऱ्यावर गोगलगायीच्या एका जातीच्या माद्यांना नराची इंद्रियं फुटायला लागली होती. त्याला पाण्यात अब्जावा भागसुद्धा लागत नव्हता, त्याच्याही कितीतरी खालचं प्रमाण पुरत होतं. सगळ्या जगाच्या जहाजांवरून ते औषध हटवण्याचा करार २००१ मध्ये झाला आणि तो लागू व्हायला सप्टेंबर २००८ उजाडला. समुद्र केवढा आहे, हे त्या रंगवाल्यांनाही माहीत होतंच.

मग पुन्हा तांब्यावर आलो. आज बाजारात बहुतेक बुडाचे रंग तांब्याचेच. विष न सोडता नुसता निसरडा राहणारा सिलिकॉनचाही रंग मिळतो, पण तो सतत आणि वेगानं चालणाऱ्या जहाजांसाठी बरा. महिन्यातून दोन रविवार हलणाऱ्या होडीवरून कवचं घसरून पडायची वाट कोण बघणार? मावसभावानं चौकशी केली, किंमत ऐकली आणि फोन ठेवला.

तांब्याशी आमची ओळख मात्र वेगळ्या वाटेनं झालेली. मोरचूद कुणाला माहीत नाही? तासगावकडं ज्याची द्राक्षबाग आहे त्याच्या शेडमध्ये मोरचुदाची निळी पोती असतातच. मोरचूद आणि चुना मिळून बोर्डो मिश्रण. १८८५ मध्ये फ्रान्समधल्या बोर्डोचे प्राध्यापक मिलार्दे यांनी केवडा रोगावरचा उपाय म्हणून ते जगापुढं मांडलं. आर्काशोंचा उपसागर त्या बोर्डोपासून फार लांब नाही, हा एक योगायोगच. बागेवर फवारा मारला की पानं निळी-पांढरी दिसतात, पाऊस आला की धुऊन जातात, पुन्हा फवारा. तेही धुतलेलं कुठं जातं, हे कृष्णाकाठाला विचारावं.

आणि पंचगंगेची तर गोष्टच नको. कोल्हापूर स्वतःला स्वच्छ ठेवतं, इचलकरंजी कापड धुते-रंगवते, आणि दोघांचं धुतलेलं तेरवाडच्या बंधाऱ्याशी येऊन थांबतं. उन्हाळ्यात बंधाऱ्यावर उभं राहिलं तर पाणी दिसत नाही. या काठापासून त्या काठापर्यंत केंदाळ, वर जांभळी फुलं. फोटो काढणाऱ्याला ती फार सुरेख वाटतात. कुठल्यातरी वर्षी वरून पाणी सुटतं, केंदाळ फाटतं आणि मेलेल्या माशांचा खच काठाला लागतो. मग पंचनामे, नमुने, बातम्या. आपलं अंग स्वच्छ ठेवण्याचा सोपा मार्ग म्हणजे त्याची घाण वाहत्या पाण्यात सोडणं. हे करायला होडीच लागते असं नाही.

आमच्या घाटाच्या होड्यांना असला रंग कधीच लागला नाही. गोड्या पाण्यात बार्नेकल जगत नाहीत. पूर्वी मोठी जहाजं मुद्दाम नदीच्या मुखात आत घालून ठेवायची, कवचं मरावीत म्हणून. आमच्याकडं बुडाला फक्त शेवाळ, आणि खरी काळजी गळतीची. उन्हाळ्यात नदी आटली की लाकडी नावा घाटाजवळ पालथ्या पडायच्या. संताजी घोरपड्यांच्या समाधीजवळ लहानपणी त्या अशा उताराला पडलेल्या आम्ही बघितल्यात. तीन दगडांवर पत्र्याचा डबा, आत उकळणारं डांबर. फळ्यांच्या सांध्यांत धोतराच्या चिंध्या आणि कापूस ठोकून बसवायचे, आणि मग काठीला गोणपाट गुंडाळून डांबराचे हात. वास सगळ्या गावात. डांबरही काही दूध नव्हे. हाताला लागलं तर रॉकेलनं निघायचं नाही आणि पोटात गेलं तर देवच. पण ते सुटून पाण्यात जावं म्हणून लावलेलं नसायचं. जिथं लावलं तिथं राहावं, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. आता बहुतेक नावा पत्र्याच्या नाहीतर फायबरच्या. महापुरात नाव कमी पडली तर गुऱ्हाळाची काहील बाहेर येते. तिचं बूड वर्षानुवर्षांच्या जाळानं काळं झालेलं असतं, त्याला आणखी कुठल्या रंगाची गरज नाही. आणि २०१९ मध्ये वरच्या अंगाला ब्रह्मनाळजवळ पुरातली नाव उलटून माणसं गेली, त्यानंतर आमच्याकडं नावेत पाय ठेवताना लोक आधी बघतात ती पाण्याच्या किती वर आहे.

गोव्याहून परतल्यावर ही सगळी रंगकथा मी घाटावरच्या तात्यांना सांगितली. तात्या आंबी. वाडीला पूल नव्हता तेव्हापासून त्यांच्या घराण्याची नाव आहे. डब्याची किंमत ऐकून ते आधी काही बोललेच नाहीत.

“एवढ्यात माझी नाव नवी हुईल की वो.”

“खारं पाणी असतंय तात्या. कवचं चिकटत्यात.”

“मग काठाला वडायची, पालथी घालायची. चार दिस ऊन दावायचं. मरत्यात की समदी.”

मी त्यांना होडीखालच्या वजनाबद्दल सांगितलं. बुडाला चारएकशे किलोचं लोखंड टांगलेलं असतं, वाऱ्यानं उलटू नये म्हणून, आणि त्यामुळं ती चार माणसांनी ओढायची आणि पालथी घालायची गोष्ट नाही. तात्यांना हे पटलं नाही. उलटू नये म्हणून होडी जड करायची आणि जड झाली म्हणून विष लावायचं, या हिशेबात त्यांना कुठंतरी लबाडी वाटली.

“आनि त्यो रंग पान्यात सुटतोय म्हन्ता?”

“सुटतो. थोडा थोडा.”

“मासं?”

“थोड्यानं काही होत नाही म्हणतात.”

“म्हनत्यात,” तात्या म्हणाले आणि पंचगंगेच्या बाजूला थुंकले. “आमास्नी काय लावाया लागत न्हाई. वरनंच तयार हून येतंय समदं.”

मी उठलो. चार पावलं गेलो असेन, तेवढ्यात त्यांनी मागून हाक मारली.

“आवं, त्यातला काय डबाबिबा उरला आसंल तर आना की. बघू एक हात मारून.”